बीएडची इंटर्नशिप, गोव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाड्यावरच्या तीन मुली यंदा बीएडचा फॉर्म भरणार आहेत. तिघींनी वेगवेगळ्या वेळी फोन करून जवळजवळ तेच प्रश्न विचारले, आणि चौथा फोन एकीच्या आईचा आला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीतून. बीएडला मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, घेतल्या विज्ञान आणि गणित. इंटर्नशिप जिथे केली त्या शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण तिथे अजून जाणं-येणं आहे.

छात्रशिक्षक म्हणजे शिक्षक की विद्यार्थी?

शाळा सुटेपर्यंत शिक्षक, मग बस पकडून कॉलेजला गेलात की विद्यार्थी. स्टाफरूममध्ये आपली अशी खुर्ची नसते. कोणाचा तास असेल त्यांच्या खुर्चीवर बसायचं आणि घंटा झाली की उठायचं. आम्ही पाच जणी होतो, त्यामुळे दिवसभर संगीत खुर्चीच चालायची. शिपाईमामांना मात्र आमचा हुद्दा पहिल्या दिवसापासून पाठ. चहा सगळ्यात शेवटी.

मुलं हायस्कूलमध्ये 'टीचर' म्हणतात, पुरुष असेल तर 'सर'. मराठी प्राथमिक शाळेतून नुकतं आलेलं एखादं पोर चुकून 'बाई' म्हणतं आणि बाकीचे त्याला हसतात. मला ते 'बाई' फार आवडायचं.

बीएड करू की डीएलएड?

कोणत्या मुलांना शिकवायचंय त्यावर आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका. बीएडवर प्राथमिकला लागता येईल ही आशा बऱ्याच जणांना होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो दरवाजा बंद केला. हायस्कूलला शिकवायचं असेल तर बीएड. त्याला पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. 'आधी बीएड करते, मग बघू' असं म्हणणाऱ्या मुलीला मी हे दोनदा सांगते, कारण दोन वर्षं जातात आणि वयही.

दोन वर्षांत प्रत्यक्ष शाळेत किती दिवस?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव मिळून २० आठवड्यांचा. पहिल्या वर्षी साधारण चार, दुसऱ्या वर्षी सोळा. पहिल्या वर्षीचे चार आठवडे बहुतेक निरीक्षणात जातात. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा तास बघायचा आणि वहीत लिहायचं. ते कंटाळवाणं वाटतं, पण मागच्या बाकावरून वर्ग कसा दिसतो ते पुढे उभं राहिल्यावर कधीच दिसत नाही. कोण डब्यातली भजी आत्ताच खातंय, कोणाला फळ्यावरचं दिसतच नाही म्हणून तो शेजारच्याच्या वहीतून उतरवतोय, हे सगळं मला तिथेच कळलं.

दिवस कसा जातो?

आपल्याकडच्या बहुतेक शाळा सकाळच्या. पावणेआठला प्रार्थना, दीडच्या आसपास सुट्टी. म्हणजे वाळपईकडून फोंड्याच्या बाजूला जायचं तर सहाच्या आत घराबाहेर. कदंबचा, म्हणजे आमच्या सरकारी बसचा, पास काढाच. पहिली गाडी चुकली की दुसरी प्रार्थनेनंतर पोचवते आणि हेडमास्तर नेमके फाटकाशीच उभे असतात.

दिवसाला एक किंवा दोन तास आपले. बाकी वेळ वह्या तपासणे, कोणी रजेवर असेल तर प्रॉक्सी, फलक सजवणे, रांगा लावणे, पावसात भिजलेल्या पोरांना कोरडं करणे. संध्याकाळी घरी येऊन दुसऱ्या दिवसाचं लेसन प्लॅन. झोप विचारू नका.

कॅलेंडर मात्र बघून ठेवा. २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, मग मे महिन्याची सुट्टी, मग जूनमध्ये परत. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी मोठी. तिच्या आधीच्या आठवड्यात नवा धडा सुरू करू नका. मुलांचं अर्धं लक्ष मखरात असतं आणि खरं सांगायचं तर माझंही होतं.

सूक्ष्म अध्यापन म्हणजे काय?

शाळेत पाठवण्याआधी कॉलेजातच, आपल्याच सात-आठ मैत्रिणींना विद्यार्थी मानून, एकेका कौशल्याचा सराव. प्रश्न विचारणे, फळा लिहिणे, उदाहरण देणे, शाबासकी देणे, एका वेळी एकच. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं बोलणी खा, बारा मिनिटांत पुन्हा आखणी करा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा बोलणी खा. बेरीज ३६ मिनिटं. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली.

पंचविशीतली मैत्रीण हात वर करून 'टीचर, झाड हिरवं का असतं?' असं बालिश आवाजात विचारते तेव्हा हसू येतंच. येऊ द्या. फळा लिहिण्याचा सराव मात्र हसण्यावारी नेऊ नका. माझ्या ओळी उजवीकडे चढत जायच्या, डिचोलीहून आलेल्या मैत्रिणीने त्याला 'घाटरस्ता' नाव ठेवलं होतं. रोज दहा मिनिटं रिकाम्या वर्गात खडू घेऊन उभी राहिले तेव्हा महिन्याभराने घाट उतरला.

लेसन प्लॅन एवढं लांबलचक कशाला?

मराठी मेथडवाले त्याला पाठ टाचण म्हणतात, पण आमच्या तोंडी लेसन प्लॅनच. चाळीस मिनिटांच्या तासासाठी सात-आठ पानं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती एका रकान्यात, विद्यार्थिकृती दुसऱ्या रकान्यात, फळ्यावर काय येणार ते तिसऱ्यात. जुन्या बाई हर्बार्टच्या पंचपदीवर (पाठाच्या पाच ठरलेल्या पायऱ्या) वाढलेल्या, नव्या बाईंना 'फाइव्ह ई' (ई अक्षराने सुरू होणाऱ्या पाच नव्या पायऱ्या) हवं. आपण ज्यांच्याकडून सही घ्यायची त्यांचं ऐकायचं.

मला त्या विद्यार्थिकृतीच्या रकान्याचाच राग यायचा. तिथे मी लिहायचे, 'विद्यार्थी उत्तर देतील: घर्षण.' आणि वर्गात विद्यार्थी खिडकीबाहेर बघायचे. पुढे एका ज्येष्ठ शिक्षिकेने सांगितलं, त्या रकान्यात चुकीची उत्तरंसुद्धा लिहून बघ. मूल काय चुकेल हे आधी सुचायला लागलं की प्लॅनची सात पानं आपोआप भरतात. तेव्हापासून मी एका प्रश्नाखाली तीन उत्तरं लिहायला लागले, एक बरोबर, दोन चुकीची. चुकीची लिहायला जास्त वेळ लागायचा.

वर्गात कोणत्या भाषेत बोलायचं?

हा प्रश्न तिघींपैकी एकीनेही विचारला नाही. विचारायला हवा होता.

गोव्यातली गंमत अशी की घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी, हायस्कूल इंग्रजी. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्या बहुतेक मराठी. नंतर माध्यमाचा वाद झाला, १९९० ला प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान फक्त कोंकणी-मराठी माध्यमाला असं ठरलं, २०११ ला इंग्रजीलाही मिळालं. हे सगळं परीक्षेत लिहायला ठीक आहे. वर्गात ते असं दिसतं:

पाचवीवर प्रॉक्सी होती. माझा वर्ग नव्हे, पूर्वतयारी नाही. गणिताचं पुस्तक उघडलं तर अपूर्णांक. फळ्यावर तीन, खाली रेघ, खाली चार. विचारलं, व्हॉट इज द डिनॉमिनेटर? पहिल्या दोन बाकांवरच्या, इंग्रजी प्राथमिकमधून आलेल्या मुलांनी हात वर केले. तिसऱ्या बाकापासून मागे सगळं शांत. भिंतीकडे बसलेला एक मुलगा मात्र बाकाखाली बोट खाली-खाली करत होता, जणू स्वतःलाच काहीतरी दाखवतोय. मी जवळ गेले. हळूच म्हणाला, 'खालचो?' मी म्हटलं, हय, खालचो. आणि फळ्यावर चाराशेजारी 'छेद' लिहिलं. मागच्या बाकांवरची सहा-सात डोकी एकदम वर आली. 'टीचर, हें आमकां येता!' त्यांना ते चौथीपासून येत होतं. वर 'अंश' लिहिल्यावर तर एकाने 'तीन छेद चार' असं मोठ्यांदा वाचूनही दाखवलं. त्यांना फक्त एक शब्द माहीत नव्हता आणि त्या एका शब्दापायी ती जूनपासून गप्प बसली होती.

मग मी चेव येऊन विचारलं, 'बरं, पाव म्हणजे किती?' अपेक्षा अशी की 'एक छेद चार' म्हणतील. एक मुलगी उभी राहून अगदी गंभीरपणे म्हणाली, 'टीचर, उंडो काय पोयी?' दोन्ही आमच्याकडच्या पावाचे प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, खरंच पोयी घेतली. गोल, मधोमध कापायला सोपी. अर्धी, मग पाव, मग तीन तुकडे एकत्र ठेवून पाऊण. पाऊण त्यांना माहीत होती, कारण 'पावणेआठ' रोज कानावर येतं. चार मुलं ते तुकडे खाऊन टाकतील हे प्लॅनमध्ये लिहिलेलं नव्हतं.

तर उत्तर असं. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहा, कारण पेपर इंग्रजीत येणार आहे. त्याच्या शेजारी लहान अक्षरात मराठी शब्द लिहा. तोंडी समजावताना मुलाला ज्या भाषेत प्रश्न पडला त्याच भाषेत. काही निरीक्षक त्याला नाक मुरडतात. माझ्या एका पाठाच्या शेऱ्यात 'मदर टंगचा वापर कमी करा' असं लिहून आलं होतं. वही अजून माझ्याकडे आहे, सल्ला मी पाळला नाही.

आकड्यांचंही तसंच. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतात, इंग्रजीत 'फोर्टी' आधी. पाचवीत ४७ ऐवजी ७४ लिहिणारं मूल दिसलं तर ते ढ आहे असं ठरवण्याआधी त्याला मराठीतून विचारून बघा.

मी मराठी शाळेतून आले, माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. पहिले दोन महिने जड जातात, कॉलेजात लेक्चर इंग्रजीत, टिपणं इंग्रजीत. माझ्या बोलण्यावर पणजीकडच्या मुली सुरुवातीला एकमेकींकडे बघायच्या. पुढे शाळेत गेल्यावर त्यातल्याच एकीने मला विचारलं, 'घर्षण म्हणजे फ्रिक्शनच ना गं?' वर्गशब्दांची एक वही करा, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. कुठल्याही पुस्तकापेक्षा ती जास्त उघडली गेली.

मुलं ऐकत नाहीत. थोडा धाक दाखवला तर?

हात उचलायचा नाही, एवढं पक्कं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्याच्याही आधीपासून गोव्याचा स्वतःचा बाल कायदा आहे, २००३ चा. दोन्हींत शारीरिक शिक्षेला बंदी. छात्रशिक्षकाने केलेला प्रकार शाळेच्या आणि कॉलेजच्या, दोघांच्याही अंगावर येतो.

मुलं ऐकत नाहीत कारण त्यांना माहीत असतं की ही टीचर चार महिन्यांनी जाणार. तुम्ही जास्त ओरडलात तर आवाज बसतो, बाकी काही होत नाही. माझा बसला होता, आठवडाभर काढा पिऊन शिकवलं. गंमत म्हणजे त्या आठवड्यात वर्ग सगळ्यात शांत होता. हळू बोललं की त्यांना ऐकायला गप्प बसावं लागतं. नावं पाठ करा. 'ए निळ्या दप्तरा' म्हणून हाक मारलेलं मूल ढिम्म हलत नाही, नावाने हाक मारली की दचकतं.

पहिला पाठ फसला. आता?

सगळ्यांचा फसतो. माझा तेरा मिनिटांत संपला. चाळीस मिनिटांसाठी तयार केलेलं सगळं तेरा मिनिटांत बोलून झालं, आणि मागे निरीक्षक बाई घड्याळ बघत बसलेल्या. उरलेला वेळ मी मुलांकडून प्रश्न वाचून घेतले, तेच प्रश्न, दोनदा. पुढच्या वेळी प्लॅनच्या समासात पेन्सिलीने मिनिटं लिहा आणि मनगटी घड्याळ टेबलावर काढून ठेवा.

साहित्यावर किती खर्च येतो?

आलाच तर कमी येऊ द्या. पहिल्या पाठाला सगळ्या जणी कार्डशीट, थर्माकोल, चकचकीत कागद यावर पैसे घालवतात. तक्ता दोन मिनिटं दाखवायचा आणि मग बसमध्ये तो सांभाळत उभं राहायचं. पावसात त्याचा लगदा होतो.

माझा सगळ्यात चांगला पाठ बियांच्या प्रसाराचा झाला, आणि तो फुकट. चवथ नुकतीच संपलेली. मुलांना सांगितलं, घरच्या माटोळीतलं (गणपतीच्या वर फळं-शेंगा टांगतात ती) काहीही एक आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर माट्टी, आंबाडे, तोरिंग, वाळलेला सुपारीचा घोस, अर्धा चिबूड आणि घागऱ्योंची जुडी. शेंग कानाशी हलवली की आतल्या बिया खुळखुळतात म्हणून तिला घागऱ्यो म्हणतात, हे रानालगतच्या वाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं. एरवी ती वर्गात तोंड उघडत नसे. कुठली शेंग वाळून तडकते, कुठलं फळ पाखरं खातात, कुठलं पाण्यातून वाहत जातं, सगळं तिला ठाऊक. मी फळ्याजवळ उभी राहून ती सांगेल ते रकान्यात लिहीत होते. निरीक्षकांनी एका फळाचं शास्त्रीय नाव विचारलं, ते मला आलं नाही. त्या मुलीला त्या फळाची तीन नावं येत होती, शास्त्रीय सोडून.

मेंटर शिक्षकांशी कसं जुळवून घ्यायचं?

त्यांचा पोर्शन मागे पडू देऊ नका, बाकी सगळं माफ असतं. आपण एका धड्याला चार तास घेतो, त्यांच्या हिशेबात तो दीड तासाचा. आधी विचारा, कुठपर्यंत न्यायचं. आणि वह्या तपासायला मागा. कोणालाही ते काम आवडत नाही, त्यामुळे उपकार लक्षात राहतात.

काही ठिकाणी छात्रशिक्षक आले की कायमचे शिक्षक निवांत होतात आणि दिवसाला पाच-पाच तास अंगावर येतात. असं झालं तर एकटीने भांडू नका, कॉलेजच्या पर्यवेक्षकांना सांगा. आम्ही लाजून महिनाभर बोललो नाही, ती चूक होती.

साडी सक्तीची आहे का?

बहुतेक कॉलेजांत साडी किंवा ठरवून दिलेला पोशाख असतो. जुलैत स्कूटरवर साडी, वर रेनकोट, मागे तक्त्याची गुंडाळी, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि सुती साडी घेऊ नका. ती दिवसभर वाळत नाही. पिना जास्तीच्या ठेवा. शाळेत एक जुनी चप्पल ठेवली तर उत्तम.

खाण्याचं काय?

डबा न्या. मधल्या सुट्टीत महिला गटाकडून मुलांना भाजी-पाव येतो, पण वाढायला उभं राहण्यातच आपली सुट्टी संपते. परीक्षेच्या पाठाच्या दिवशी मात्र सकाळी फोंड्याच्या बसस्टँडजवळ पातळ भाजी, बन्स आणि चहा. पोटात काही नसलं की माझा आवाज कापतो.

पैसे मिळतात का?

नाही. बसचं भाडंसुद्धा आपलंच.

सीटेट कधी द्यायची?

दुसऱ्या वर्षात असतानाच देता येते, द्याच. ही केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, सीबीएसई घेते. १५० प्रश्न, अडीच तास, चुकलं तरी गुण कापत नाहीत, खुल्या गटाला ६० टक्के लागतात. बीएडवाल्यांनी दुसरा पेपर द्यायचा, सहावी ते आठवीचा. भाषांच्या यादीत मराठी आहे, त्यामुळे एक भाषा म्हणून ती घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षांचंच होतं. इंटर्नशिपमध्ये ज्या मुलांना बघितलं ती डोक्यात असतात, त्यामुळे बालविकासाचे प्रश्न सोपे जातात.

शेवटच्या दिवशी काय करायचं असतं?

मुलं कागदाची फुलं देतात, फोन नंबर मागतात (देऊ नका), दोघी-तिघी रडतात. ते बघत बसाल तर खरं काम राहून जाईल. हजेरीपत्रकावर हेडमास्तरांची सही आणि शाळेचा शिक्का, प्रत्येक पानावर, आदल्या दिवशीच घ्या. मी शेवटच्या दिवशी गेले तर हेडमास्तर मीटिंगला पणजीला. सोमवारी एका शिक्क्यासाठी परत सहाची बस धरली. फाटकाशी पाचवीतला तो भिंतीकडचा मुलगा भेटला. मला बघून म्हणाला, 'टीचर, तुमी गेल्ल्यो न्ही?' मी म्हटलं, शिक्को उरलो रे.